वाळवलेल्या आठळ्या घेऊन सुलतानपूरला

नांदुऱ्यात माझं बियाण्यांचं दुकान आहे. कपाशी, तूर, सोयाबीन. बियाण्यावर मी कुणालाही, न विचारता, भाषण देतो. म्हणूनच ही सहल कुणाला सांगायची नाही असं ठरवलं होतं, आणि बघा, ब्लॉगच लिहायला बसलो.

गेल्या उन्हाळ्यात सावंतवाडीला सासूबाईंच्या अंगणातला फणस वादळात पडला. त्याच्या शेवटच्या फळातल्या वीस आठळ्या, म्हणजे बिया, माझ्या बायकोनं, सुरेखानं, माझ्या हवाली केल्या. माहेरचं झाड आपल्या दारात हवं, एवढंच तिचं म्हणणं. मी आपल्या वऱ्हाडी शिरस्त्याप्रमाणे त्या गच्चीवर आठ दिवस कडक वाळवल्या, राख चोळली, डब्यात भरल्या. पाऊस पडल्यावर दहा लावल्या. एक उगवली असेल तर शपथ! सासूबाई दर रविवारी फोनवर विचारायच्या, "फणस रुजलो काय गो?" सुरेखा म्हणायची, "येईल हळूहळू." माझा जीव अर्धा व्हायचा.

यंदा मे महिन्यात एक गिऱ्हाईक बोलता बोलता म्हणालं, सुलतानपूरच्या वत्सलाबाईंनी आठळीपासून फणस वाढवलाय, फळंही लागतात. उरलेल्या दहा आठळ्यांचा डबा घेऊन मी निघालो.

जायचं तर पहाटेची एसटी धरा. अकरानंतर उन्हानं तापलेल्या खिडकीच्या दांडीला हात लावायची सोय नाही. खामगाव, मेहकर, सुलतानपूर, अशा तीन गाड्या बदलायच्या. मेहकरला पोह्यांवर झणझणीत तर्री मिळाली. ती खाऊन लगेच पुढच्या गाडीत बसू नका. मी बसलो.

वत्सलाबाई निवृत्त अंगणवाडीसेविका. "जयभीम, या," म्हणून पाणी दिलं. घरामागे न्हाणीच्या पाण्यावर फणस उभा, हिरवागार, बुंध्याला फळं. मी ऐटीत डबा उघडला.

त्यांनी एक आठळी नखानं दाबली. "वाळवल्या काऊन?"

"बियाणं वाळवतातच ना?"

"तूर वाळवा लागते, भाऊ. हे तं ओलंच जिवंत राह्यते. गरा काढला का त्याच दिवशी मातीत. हे मेलं." मग विचारलं, "तुम्ही करता काय?"

"दुकान आहे," म्हणालो. कशाचं ते सांगितलं नाही.

सुरेखाला कोणत्या तोंडानं सांगणार? बाईंना माझा चेहरा दिसला असावा. त्यांनी पिकलेला फणस फोडला, गरे खाऊ घातले, वर भाकर-ठेचा वाढला आणि आठ ताज्या आठळ्या ओल्या फडक्यात बांधून दिल्या. "आजच लावा. सावलीत, अन् कायमच्या जागेवरच. मूळ हलवलेलं त्याले खपत नाही."

परतीच्या गाडीत मी दर थांब्याला बाटलीतलं पाणी फडक्यावर शिंपडत होतो. शेजारचे आजोबा म्हणाले, "पाणी माणसानं प्यावं, गाठोड्याले काऊन पाजून राह्यले?"

"जिवंत आहे आत," मी म्हणालो. ते जरा सरकून बसले.

दिवेलागणीला घरी पोचलो आणि सुरेखाला सगळं खरं सांगितलं. ती डब्यात बघत राहिली. "राखसुद्धा लावलीत?" म्हणाली आणि रडायलाच लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग डोळे पुसून तिनंच न्हाणीमागे आठळ्या लावल्या, वर तुराट्यांची सावली केली. पुढे रोज दोनदा पाणीही तीच घालायची. मला तिथं फिरकू दिलं नाही, आणि बरोबरच केलं.

तिसऱ्या आठवड्यात दोन कोंब आले. तुम्ही गेलात तर ओली बी ओलीच आणा, बाकी ज्ञान माझ्याकडून घेऊ नका.

रविवारी सासूबाईंचा फोन आला. आज सगळं कळणार म्हणून मी मान खाली घालून बसलो. सुरेखानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "होय गे आये, रुजलो. तुझोच फणस."