अमावास्येचा बॅकअप

आमच्या दुकानात फोटोंचा बॅकअप अमावास्येला घ्यायचा, हा ह्यांचा नियम. वडगावात ह्यांच्या घरी माग होते. अमावास्येला माग बंद, त्यामुळे तो दिवस आवरासावरीचा. हातातलं सूत सुटून कॅमेरा आला, तरी ह्यांची अमावास्या सुटली नाही. लग्नंही त्या दिवशी नसतात. सकाळीच कॉम्प्युटरसमोर बसून हे सगळा कॅटलॉग एका छोट्या डिस्कवर उतरवायचे, डिस्क रुमालात बांधायचे आणि वडगावला बहिणीकडे ठेवून यायचे. दुकानाला आग लागली तर मूळ आणि नक्कल दोन्ही एकदम जळायला नकोत, म्हणायचे. "आपणच जळालो तर फोटो बघणार कोण?" मी चिडवायची. "ज्यांचे आहेत ते," हे म्हणायचे.

फोटो स्वतः मोठ्या डिस्कांवर वेगळे असतात. कॅटलॉग म्हणजे त्यांची ओळख: लग्न कुणाचं, गाव कुठलं, कोण कुठं उभं. त्यात एक जांभळी खूण आहे, ती माझी. इकडच्या गावांत म्हाताऱ्या माणसाचा एकट्याचा फोटो सहसा कुणी काढून ठेवत नाही. ते बरं वाटत नाही. मग माणूस गेलं की बाराव्याच्या आत घरचे दुकानात येतात आणि लग्नाच्या घोळक्यातून त्याचं तोंड वेगळं करून मागतात. मी शेजारच्याचा खांदा पुसते, केसांतल्या अक्षता पुसते, मागे निळा रंग घालते. काम झालं की त्या माणसाच्या सगळ्या फोटोंवर जांभळी खूण करते. दुकानातल्या टीव्हीवर कॅटलॉगमधले निवडक फोटो दिवसभर आपोआप फिरत असतात, आणि खूण केलेला फोटो तिथं येत नाही. गेलेलं माणूस गिऱ्हाइकाला हसताना दिसू नये, एवढ्यासाठी ती.

हे गेले तेव्हा ह्यांच्यावरही खूण मीच केली. कॅमेऱ्यामागचा माणूस, फोटो थोडेच होते.

त्यानंतर डिस्क वडगावला नेणारं कुणी राहिलं नाही. बॅकअप मी घ्यायची, पण त्याच कॉम्प्युटरवर. यंदा एकदा वीज दोन-चारदा आली-गेली आणि कॉम्प्युटर बसला तो बसलाच. कॅटलॉग गेला आणि त्याचे बॅकअपही गेले. मी वडगाव गाठलं. नणंदेनं देवाच्या कपाटातून रुमाल काढून दिला. गाठ ह्यांच्या हातची होती. ती सोडायला मला फार जड गेलं.

नव्या कॉम्प्युटरवर डिस्क लावली, कॅटलॉग उघडला. ह्यांच्या शेवटच्या अमावास्येपर्यंतचं सगळं जागच्या जागी होतं. नंतरची लग्नं तेवढी जोडून घ्यायची होती. मला इतकं हायसं वाटलं की मी टीव्ही चालू करून चहा टाकला. त्या अमावास्येनंतर केलेल्या खुणांचं डोक्यातच आलं नाही.

ते आलं नंदगडकडच्या एका बाईमुळे. पुतणीच्या लग्नाचा अल्बम न्यायला ती आली होती. मी आतून अल्बम घेऊन आले, तर ती टीव्हीपुढे उभी होती आणि टीव्हीवर तिचा मुलगा हळदीत नाचत होता. तो कणकुंबीच्या रस्त्यावर मोटरसायकलवरून पडून गेला होता. त्याचं तोंड मीच वेगळं करून दिलं होतं.

"चुकलं मावशी," मी म्हणाले. "बंद करते."

"ऱ्हाऊ दे गं. परत कवा येतंय?"

वेळ लागेल म्हटलं, तर ती बाकावर बसली. मीही शेजारी टेकले. ह्यांच्या मागोमाग गेलेली सगळी माणसं एकेक करून येऊ लागली. मच्छे गावच्या कारखान्यात असलेला एक मामा नवरदेवाला कडेवर घ्यायला बघत होता. पंगतीत एक आजी आग्रहानं जिलेबी वाढत होती. कुणालाच काही झालेलं नव्हतं. मला भीती वाटत होती आणि नजरही काढवत नव्हती.

आणि मग हे आले. कधी कॅमेरा माझ्या हाती असला की उजेड बघायला मी ह्यांनाच उभं करायची. हातात रंग जुळवायचा पांढरा कागद, कपाळाला आठी, झालं का एकदाचं असा चेहरा. गंमत म्हणून तो फोटो मीच टीव्हीच्या निवडीत टाकला होता.

"ह्ये तुजं मालक न्हवं?"

"व्हय."

"तुज्याकडंच बघाय लागल्यात," ती म्हणाली.

टीव्हीवर मुलगा परत आला, तिनं त्याला डोळे भरून बघितलं, अल्बम उचलला आणि बस गाठायला गेली.

दुसऱ्या दिवशी खुणा करायला बसले. एकदा गेलेल्यांना पुन्हा घालवायचं काम. मी खूण करायची, थोड्या वेळानं मान वर करायची, तर टीव्हीवर ते माणूस नसायचं, आणि ते माझ्यामुळेच गेलं असं वाटायचं. नंदगडकडच्या मुलापाशी हात अडला. पण दुकानात दहा गावचे लोक येतात. त्याचा हळदीतला फोटो मोठा छापून त्याच्या आईसाठी बाजूला ठेवला आणि मग खूण केली.

शेवटी हे राहिले. आठी तशीच होती, नजर माझ्याकडेच होती. खूण केली नाही.

अमावास्येला बॅकअप घेतला, डिस्क त्याच रुमालात बांधली आणि वडगावला नेली.

"झालं समदं?" नणंदेनं विचारलं.

"झालं," मी म्हणाले.

आता कॉम्प्युटर कितीदाही बिघडो, त्या रुमालातून हे जिवंतच बाहेर येतील.