टेकडीवरचं अस्वल

ऑफिसात तिला सगळे तराजूताई म्हणत. कंपनी कॉम्प्युटरवरचे खेळ बनवायची, आणि खेळातल्या शत्रूंचं बळ ठरवायचं काम हिच्याकडे. कोल्हा किती जोरात चावेल, दरोडेखोर किती घावांत पडेल, सगळं हिच्या हातात. स्वभावाने मात्र इतकी भित्री, की घराला कुलूप लावून लिफ्टपर्यंत गेली तरी परत येऊन ते ओढून बघायची. अशा बाईने दरोडेखोर सांभाळावेत हा ऑफिसातला कायमचा विनोद होता आणि तो तिला रोज कुणीतरी ऐकवायचंच.

त्यांच्या नव्या खेळात मोठा मोकळा मुलूख होता. खेळणाऱ्याने हवं तिकडे भटकावं. वाद एकाच गोष्टीवर होता. प्रत्येक भागातल्या शत्रूचं बळ कायमचं ठरलेलं असावं, की खेळणारा जेवढा तयार, तेवढाच समोरचा व्हावा? ताई पहिल्या पक्षाची. टेकडीवरचं अस्वल आज तुम्हाला लोळवेल, पुढे कधीतरी तुम्ही त्याला लोळवाल. अस्वल तेच, बदललात तुम्ही, असं ती मीटिंगमध्ये टेबलावर बोट आपटून सांगायची. समोरचे म्हणायचे, तोवर लोक खेळ फेकून देतील. शेवटी दोन्ही सोयी ठेवल्या. सेटिंगमध्ये एक खूण केली, की अस्वल खेळणाऱ्याचा हात बघून वागायला लागे.

घरी वडिलांना हा खेळ तिनेच लावून दिला होता. जन्मभर लांब पल्ल्याची बस चालवलेला माणूस. अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. हाताचा व्यायाम घ्यायला एक बाई येत, पण त्यांचा रबरी चेंडू दाबायचा म्हटलं की त्यांना नेमकी झोप यायची. खेळाचा कंट्रोलर हातात आला तशी बोटं जरा हलू लागली. आणि एवढा मुलूख मोकळा असताना हे गृहस्थ गेले थेट टेकडीवर. अस्वलाने पहिल्याच फटक्यात आडवं केलं. पुन्हा गेले, पुन्हा आडवे.

"आमच्या डेपो मॅनेजरचा भाऊ दिसतोय हा. तोंड उघडायची सोय नाही," म्हणून आधी हसायचे. मग हसणं बंद झालं. एके दिवशी कंट्रोलर बाजूला ठेवून ते भिंतीकडे तोंड करून पडले, ते जेवायलाही उठेनात. काळजी करायला ताईला एरवीही कारण लागत नसे, इथे तर कारण समोर पडलेलं होतं.

ज्या गोष्टीविरुद्ध ऑफिसात भांडायची, तीच तिने घरी गुपचूप केली. बाबा आंघोळीला गेले असताना ती खूण करून टाकली. आता त्यांचं बोट अडलं की अस्वलाचा पंजाही अडणार होता.

बाबांनी अस्वलाला पाणी पाजलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाजलं. ते जेवायला टेबलाशी येऊन बसू लागले, शेजाऱ्यांना बोलावून अस्वल दाखवू लागले. ताईचा जीव भांड्यात पडला, आणि खरं काय ते सांगायचं तिने उद्यावर, मग परवावर ढकललं.

रविवारी सकाळी आई बहिणीकडे निघाली होती. तिच्यासाठी टॅक्सी बोलवावी म्हणून ताई बाहेर आली, तर बाबा दारात उभे. पायात बूट, हातात गाडीची किल्ली.

"टॅक्सी कशाला? मी सोडतो हिला."

"बाबा, डॉक्टर अजून नको म्हणालेत."

"डॉक्टरांनी बघितलंय का मला अस्वलाशी लढताना? इतके दिवस नाचवलं त्याने मला, आणि आता लागोपाठ लोळवतोय मी त्याला. हात सुधारल्याशिवाय होतं का ते?"

"चालवू दे गं," आई म्हणाली. "किती दिवसांनी हौसेने निघालेत."

चौकातला ट्रक काही बाबांचा हात बघून हळू येणार नव्हता. ताईने टायरमध्ये हवा कमी आहे म्हणून बघितलं, ब्रेक आवाज करतोय म्हणून बघितलं. ज्याने उभा जन्म ब्रेकवर पाय ठेवून काढला त्याला ही थाप मारणं म्हणजे कमालच. "चल, बघतो," म्हणत बाबा खाली उतरले. आई शेजारच्या सीटवर बसली, पट्टा लावला. बाबांनी गाडी सुरू केली. ताई धावत जाऊन गाडीच्या पुढे उभी राहिली.

"बाबा, उतरा. मी अस्वल सोपं केलंय."

बाबांनी काच खाली केली. "म्हणजे?"

"ते तुमचा हात बघून लढतं. तुम्ही हळू, की तेही हळू. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत, मला बघवेना." ती गाडीपुढून हलली नाही. "तुम्ही जिंकलात ते खरं नव्हतं, बाबा."

आई मांडीवरच्या पर्सकडे बघत राहिली. बाबांनी इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवरचा आपला उजवा हात बघितला.

"त्या व्यायामाच्या बाई म्हणतात, हात सुधारतोय. त्यांनाही तूच पढवलंस?"

"नाही हो बाबा. ते खरं आहे."

"हं," बाबा म्हणाले. किल्ली त्यांनी तिच्या हातात दिली. "आईला टॅक्सी बोलाव."

वर आल्यावर ते बूट न काढताच खुर्चीत बसले. "ते पहिल्यासारखं कर आधी."

तिने खूण काढली. बाबांनी कंट्रोलर घेतला आणि टेकडी चढले. अस्वलाने पंजा उगारला. बाबांनी तो चुकवला. दुसराही चुकवला. तिसऱ्याने ते आडवे झाले. पूर्वी पहिलाच त्यांना पुरायचा, आणि हे अस्वल तेव्हाचंच होतं. खुर्चीमागे उभ्या ताईने ते पाहिलं.

"बाबा, आता खरंच तुम्ही—"

"तू राहू दे," बाबा मागे न बघता म्हणाले, आणि पुन्हा टेकडीकडे निघाले.