रेवाचा दुःखी चेहरा

जेवणाचा डबा धुऊन विदुला शिक्षकांच्या खोलीतल्या बाकावर जरा आडवी होते. बाहेर मुलं झोपाळ्यावर आहेत. कड्यांची करकर जवळ येते, लांब जाते, पुन्हा जवळ येते. उद्या शैलजाबाई हुपरीकरांचा पहिला स्मृतिदिन. या शाळेत स्वमग्न मुलांचा वर्ग बाईंनीच उभा केला, म्हणून उद्या सभागृहात सोहळा आहे, पाहुणे आहेत, आणि दहा वर्षांची रेवा बाईंच्या हार घातलेल्या फोटोपुढे उभी राहून दुःखी होऊन दाखवणार आहे.

हो, दाखवणार आहे. गेल्या वर्षी शोकसभेत ही पोरगी खदाखदा हसली. कार्याध्यक्ष दिनकरराव मगदूमांचं नाक तेव्हा जे कापलं गेलं, ते अजून जुळलेलं नाही. "भावना शिकवायचा पगार घेता ना तुम्ही?" असं ते विदुलाला चारचौघांत म्हणाले. उद्या पुन्हा हसली तर रेवाचं नाव शाळेतून कमी करणार, हेही त्यांनी सांगून टाकलंय. म्हणून विदुला तिला रोज वर्गातला हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा तक्ता दाखवून आरशापुढे बसवते. भुवया जवळ. ओठांची टोकं खाली. मान झुकलेली. शाब्बास, ही घे खडीसाखर. पोरगी आता इतकं झकास दुःख करते की एखाद्या पुढाऱ्यानं तिची शिकवणी लावावी.

करकर थांबते. बाकाच्या टोकाला कुणीतरी बसतं, आणि बाक म्हणजे एसटीचं मागचं सीट असतं.

"सरक जरा," शैलजाबाई म्हणतात.

बाई गेल्या आहेत हे विदुलाला ठाऊक आहे. तरी ती सरकते. बाईंनी सांगितलं की सगळेच सरकायचे. बाईंची तीच करडी सुती साडी, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. गाडीत दुसरं कुणी नाही. खिडकीबाहेर शाळेचं सभागृह मागे मागे जातंय आणि संपत नाही.

"काय शिकवतेस रेवाला?"

"दुःख," विदुला म्हणते.

"कुणाचं?"

"तुमचं."

बाई नाकातून हसतात. "मेले मी, आणि रडकं तोंड तिनं करायचं? खडीसाखर चघळत? अगं, तुझ्या मगदूमांनी तरी कुठं केलं होतं? जांभया देत होते शोकसभेत. फोटोतून बघत होते मी."

"त्यांची जांभई चालते, बाई. तिचं हसू चालत नाही."

"मग मगदूमांना बसव आरशापुढं. जड जाईल, पण प्रयत्न कर."

बाई उठतात. आता त्या दोघी बाईंच्या मिरजेच्या स्वयंपाकघरात आहेत. ओट्यावर दूध उतू जातंय, पण ते खाली सांडत नाही. भिंतीला वर्गातला आरसा लावलाय आणि त्यात विदुला एकटीच दिसते.

"ती का हसली, हे बघितलंस कधी?"

"तिचं तिलाच सांगता येत नाही."

"सांगायला कशाला हवं? संध्याकाळी मी घरी निघाले की रोज हसायची ती, माझं मनगट धरून. तुम्ही म्हणायचात, बाई निघाल्या की पोरगी खूश! अगं, धरून धरून बोटं पांढरी पडलेली असायची तिची. पोटात तुटलं की ती हसते. तुमच्या त्या चेहऱ्यांच्या तक्त्यावर असं चित्र नाही, म्हणून तिलाच खोडायला निघालात. हुशार माणसं!"

विदुलाला लाज वाटते, आणि बाईंचा रागही येतो. मरून मोकळं झालेल्या माणसाला बोलायला काय जातं?

"तुम्ही सुटलात," ती म्हणते. "गाठ माझी आहे मगदूमांशी. काढलं तिला शाळेतून तर कुठं जाईल ती?"

"काढतीलही," बाई म्हणतात. त्यांचा आवाज पहिल्यांदाच उतरतो. "मला त्याचीच भीती वाटते. पण शाळेत ठेवून तू तिला काय शिकवणारेस? स्वतःचं तोंड लपवायला?"

त्या पदराची गाठ सोडतात. बाईंच्या गालात दिवसभर लवंग असायची. वर्गात शिरलं की आधी तो वास यायचा. गाठीतली एक लवंग त्या विदुलाच्या जिभेवर ठेवतात.

"चाव."

विदुला चावते. तिखट जाळ नाकात जातो, तोंड वेडंवाकडं होतं, डोळ्यांतून पाणी येतं.

"आता कर बघू छान हसरा चेहरा. शाब्बास मिळेल."

ते काही तिला जमत नाही.

"झोपा काढताय?"

दारात मगदूम उभे आहेत. शेजारी रेवा, भुवया जवळ, ओठ खाली, मान झुकलेली. "तालीम बघायला आलोय," मगदूम म्हणतात.

विदुला उठून बसते. बोलायला जाते, तर जीभ बधिर आहे. दाताखाली काहीतरी लागतं. ती ते तळहातावर काढून घेते. चावलेली लवंग. विदुलानं जन्मात कधी लवंग तोंडात धरलेली नाही.

रेवा जवळ येते. तळहातावर वाकून हुंगते. तिच्या भुवया सुटतात, ओठ सुटतात. ती विदुलाचं मनगट घट्ट धरते आणि खदाखदा हसायला लागते.

"झालं! पुन्हा सुरू," मगदूम कपाळाला हात लावतात. "थांबवा तिला."

विदुला तिला थांबवत नाही.

"रडू द्या तिला, साहेब," ती म्हणते. "वर्ष झालं, कुणी रडूच दिलं नाहीये."