बायकांनी भंडारा उचलला नव्हता

आक्का स्वस्थ बसलेली मला आठवतच नाही. आंदर मावळातल्या आमच्या गावात ती माझी शेजारीण. नवरा-बायको मिळून इनामदारांचं शेत खंडाने कसायची. निम्मी भाकरी खाऊन ती उठायची, गोठ्यात डोकावून यायची आणि उरलेली उभ्यानेच संपवायची. बोलायला लागली की समोरच्याभोवती फेऱ्या. मी वैतागून म्हणे, "आक्का, टेक की जरा." त्यावर तिचं ठरलेलं, "टेकलं की नको नको ते सुचतंय गं." मला विचाराल तर तिला चालतानाच जास्त सुचायचं.

त्या साली इनामदार आमच्या मतदारसंघातून इलाख्याच्या कायदेमंडळासाठी उभे राहिले. आम्हा बायकांना पहिल्यांदाच मत मिळालं होतं. तेही सरसकट नाही; ज्यांचे नवरे ठराविक शेतसाऱ्याची जमीन कसत, त्यांनाच. इनामदारांनी डोंगरातलं रान अडवलं होतं. सरपणाला गेलेल्या बायकांचे कोयते त्यांची माणसं हिसकावून घेत. आक्काचाही गेला होता. विरुद्ध उभा असलेला वकील रान मोकळं करीन म्हणत होता, त्यामुळे तिला घरात चैन पडेना.

मतदानाच्या आधी इनामदारांच्या कारभाऱ्याने गड्यांना खंडोबाच्या देवळात बोलावलं आणि मत इनामदारांनाच देऊ म्हणून बेलभंडारा उचलायला लावला. देवाची शपथ म्हटल्यावर विषयच संपला. आक्काचा नवरा मान खाली घालून घरी आला. मी तिच्याकडे विरजण मागायला गेले होते.

"समद्यांनी उचलला?" तिने विचारलं.

"व्हय. समद्या गड्यांनी."

"आन बायांनी?"

"बायांना तितं कोन बोलवतंय?"

"मंग आमचा शबूद अजून आमच्यापाशीच हाय की," असं म्हणून ती बाहेर पडली. माझं विरजण राहिलंच.

घरोघर जाऊन तिने तेवढंच सांगितलं. वडगावच्या केंद्रावर न्यायला इनामदारांनी बैलगाड्या धाडल्या होत्या. घरधनी आपला म्हणजे बाईही आपलीच, असं त्यांनी धरूनच चाललं होतं. आम्ही त्यांच्याच गाडीत ऐटीत बसलो. आक्का मात्र बैलांच्या पुढे चालत होती. केंद्रावर साहेबाने नवऱ्याचं नाव विचारलं आणि सगळ्याजणी मुक्या झाल्या. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? आक्का म्हणाली, "हिच्या धन्याचं मी सांगते, माज्या धन्याचं ही सांगंल." साहेबाला हसू आवरेना, पण काम झालं.

इनामदार पडले. कारभारी तणतणत गावात आला. देवाची आण कुणी मोडली ते शोधून त्याचं शेत काढून घ्यायचं, म्हणून गड्यांना पुन्हा देवळात उभं केलं. आक्काचा नवरा बिचारा गळ्याची आण घेऊन सांगत होता, पण ऐकतंय कोण. आम्ही बायका बाहेर. आक्का सरळ आत शिरली, भंडारा उचलला आणि म्हणाली, "गड्यांनी शबूद पाळलाय. मत मी फिरवलं, बायांनाबी मीच फिरवलं. काढायचं तर आमचं काढा."

त्यांचंच काढलं. आमची जमीन घरची होती, म्हणून आम्ही वाचलो. आक्का आणि तिचा नवरा लोणावळ्याला गेली. तो स्टेशनात हमाल झाला, ती बंगल्यांवर पाणी भरू लागली. रान मोकळं झालं. आम्ही तिथून खुशाल मोळ्या आणायचो आणि मला तिची आठवण छळायची. एवढी खटपट केली तिने, आणि तिलाच त्यातली काटकीही मिळाली नाही.

महायुद्ध संपल्यावर पुन्हा निवडणूक आली. आक्का लोणावळ्याहून चालत वडगावला आली, आमच्याबरोबर रांगेत उभी राहिली. कारकुनाने यादी पाहून सांगितलं, "बाई, तुमचं नाव नाही. नवऱ्याकडे जमीन नाही ना आता."

आक्का म्हणाली, "जमिनीचं व्हतं व्हय ते? मला वाटलं, माजं."

मला पुढचं पाऊल टाकवेना. माझ्यामागे बाया खोळंबल्या होत्या. आक्का रांगेतून बाजूला झाली आणि तिनेच मला पाठीला हात लावून पुढे ढकललं.

"जा तू," ती म्हणाली, "तुजी हाय अजून जमीन."