आडवी तपासणी

सरांना सगळं कॉलेज आडवे सर म्हणायचं. तोंडावर नाही, पाठीमागे. पण इतक्या वर्षांत ते कानावर न जायला सर काही बहिरे नव्हते. उलट मनातून त्यांना ते नाव आवडायचं. बाकीचे मास्तर पेपर उभे तपासतात. एक उत्तरपत्रिका उघडली, पहिल्या प्रश्नापासून शेवटच्यापर्यंत वाचली, बेरीज केली आणि दिली बाजूला टाकून. सर आडवे तपासायचे. आधी सगळ्या वर्गाचा पहिला प्रश्न, फक्त तेवढाच. मग गठ्ठा पिसायचा आणि सगळ्या वर्गाचा दुसरा. नावानंबराचा कोपरा दुमडून पिन मारलेला. पहिलं उत्तर झकास लिहिलं म्हणून तिसऱ्याला उगाच मार्क जास्त नाही, आणि पहिलं गचाळ म्हणून चौथ्यावर राग नाही. मुलं म्हणायची, "बाकीचे नापास करतात, हे आडवं करतात." सहकाऱ्यांचं म्हणणं असं, की हा माणूस कुठल्याही कामात आडवाच येतो.

या पद्धतीपायी सरांनी कमी सोसलं नव्हतं. परीक्षेच्या दिवसांत जेवणाचं टेबल गठ्ठ्यांनी अडायचं आणि बायको ताट मांडीवर घेऊन जेवायची. एकदा सख्खा भाचाच त्यांच्या पेपरात नापास झाला. पिन काढली तेव्हा कळलं, आणि कळल्यावरही सरांनी आकडा हलवला नाही. बहिणीनं बोलणं टाकलं ते टाकलंच. "मामा म्हणून नाही, निदान माणूस म्हणून तरी बघायचं," एवढंच बायको म्हणाली. सरांनी तिला नीट समजावलं, की कोपरा दुमडायचा तो माणूस म्हणूनच. तिला पटलं नाही. खरं सांगायचं तर असल्या माणसाबरोबर संसार करणं हे खायचं काम नाही.

सर शिकवायचे संख्याशास्त्र. त्या वर्षी वर्गात एक बाई होत्या, चाळिशी ओलांडलेल्या. बाकी सगळी विशीतली पोरं, त्यांनी पहिल्याच आठवड्यात बाईंना 'काकू' करून टाकलं. काकूंची पदवी लग्नाआधीच जवळजवळ पुरी झाली होती, अडला होता तो हा एक विषय. मग लग्न, मुलं, सासूबाईंचं आजारपण, यात तो तसाच लटकून राहिला. आता त्या एका शाळेच्या ऑफिसात हंगामी कामाला होत्या. पदवी आली की कायम होणार होत्या. पण नियमानं ही त्यांची शेवटची संधी होती. यंदा विषय सुटला नाही तर नोंदणी रद्द, आणि आधीचे पास झालेले सगळे विषयही पाण्यात. हे काकूंनी पहिल्याच दिवशी सरांना सांगून टाकलं होतं. गुणांसाठी गळ घालायला नव्हे. ऑफिसातून येताना उशीर झाला तर वर्गात घ्या, एवढ्यासाठी.

सुरुवातीला त्यांना काही म्हणजे काही कळायचं नाही. पण बाई चिवट. पहिल्या बाकावर बसून सरांचं डोकं खायच्या. एकदा त्यांनी विचारलं, "सर, फासा दुसऱ्यांदा टाकताना त्याला पहिलं आठवतं का हो?"

"नाही. फाशाला काही म्हणजे काही आठवत नाही."

"आणि पिशवीतून गोटी काढली आणि परत टाकलीच नाही, तर?"

"मग पिशवीला आठवतं."

"म्हणजे पिशवी आमच्या सासूबाईंसारखी," काकू म्हणाल्या, आणि वर्ग खो खो हसला. सरही हसले. अख्खं प्रकरण या बाईनं दोन प्रश्नांत उलगडलं होतं. त्या दिवशी घरी जाताना सर खुशीत होते, आणि काकूही असाव्यात.

सरांचा खरा राग पाठांतरावर. त्यामुळे परीक्षेत दर वर्षी नवं कोरं उदाहरण. वर्गात नाणी झाली, फासे झाले, गोट्या झाल्या; पत्त्यांना त्यांनी मुद्दाम हात लावला नाही. पत्त्यांची उदाहरणं असलेलं एक जाडजूड पुस्तक ग्रंथालयात होतं. "ते घोकंपट्टीचं आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका," असं त्यांनी वर्गाला बजावलं होतं. काकू सांगितलेलं ऐकणाऱ्या, त्या गेल्या नाहीत. मग पेपरात आठ गुणांना प्रश्न आला: पत्त्यांच्या कॅटमधून एकापाठोपाठ दोन पानं काढली, पहिलं परत ठेवलं नाही, तर दोन्ही बदामाची असण्याची शक्यता किती? ज्याला पिशवी कळली त्याला कॅट कळणारच, असा सरांचा हिशोब. गुण कसे देणार तेही त्यांनी आधीच फलकावर लावलं होतं, त्यात एक कलम असं: प्रश्नात नसलेली माहिती मनानं धरल्यास शून्य. कारण मुलं सोयीचे आकडे धरून उत्तर जुळवतात, हा त्यांचा जुना अनुभव.

या प्रश्नाची आडवी तपासणी चालली होती ती स्टाफरूममध्ये. एका उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं: 'कॅटमध्ये एकूण पानं किती आणि बदामाची किती, हे दिलेलं नाही. एकूण शंभर आणि बदामाची वीस धरून सोडवलं आहे.' खाली उदाहरण नीटनेटकं सोडवलेलं. सरांना हसू आवरेना. त्यांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

"शंभर पानांचा कॅट? अख्ख्या गल्लीला रमीला बसवायचंय का?" समोरचे गणिताचे मास्तर म्हणाले, आणि चहा पिणारे सगळेच हसले. सरांनी शून्य घातलं आणि पुढची उत्तरपत्रिका ओढली. अक्षराकडे बघायचं नाही ही सवय त्यांनी फार कष्टानं लावून घेतली होती.

निकाल लागला. जिन्यात वर्गातली एक मुलगी भेटली. "सर, काकू चार मार्कांनी गेल्या," ती म्हणाली आणि तिथंच रडायला लागली. सर तसेच माघारी वळले. परीक्षा विभागात जाऊन त्यांनी काकूंची उत्तरपत्रिका काढून घेतली आणि उभ्याउभ्याच चाळली. शंभर पानं आणि वीस बदाम समोर आले तेव्हा त्यांनी खुर्ची ओढून घेतली. मग खिशातलं पेन काढून त्यांनी काकूंच्याच पायऱ्यांत शंभरच्या जागी बावन्न घातले, विसाच्या जागी तेरा. उत्तर आलं सतरात एक. एक पायरी चुकली नव्हती. बाईंना संख्याशास्त्र येतं का हे त्यांनी तपासलंच नव्हतं. बाई पत्ते खेळलेल्या आहेत का, हे तपासलं होतं. आयुष्यभर त्यांनी माप सगळ्यांना सारखं लावलं, आणि मापच खोटं असेल हे कधी बघितलं नाही. शिवाय ते हसले होते. ते त्यांना सगळ्यात जास्त लागलं.

परीक्षा विभागाचा प्रमुख त्यांचाच जुना विद्यार्थी. त्यानं उठून खुर्ची दिली, सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, मार्क आता लॉक झालेत."

"अरे, पण चूक माझी आहे. प्रश्नच चुकीचा होता."

"मग तो सगळ्यांनाच चुकीचा. ज्यांनी कोरा सोडला त्यांना मी काय सांगू? आणि त्या एकट्या बाईंचेच वाढवायचे म्हणजे नाव बघून वाढवले असं होणार. तुम्ही, सर? नाव बघून?"

"ग्रेस तरी दे."

"ग्रेस नियमित मुलांना, शेवटच्या संधीवाल्यांना नाही. आणि फलकावर तुम्हीच लावलं होतंत ना, मनानं धरलं तर शून्य?"

तो टोमणा मारत नव्हता. पोरगं खरोखरच आदरानं बोलत होतं, आणि बोलत होतं ते सगळं सरांनीच त्याला शिकवलेलं. सरांनी आपली चूक कबूल करणारा सविस्तर अर्ज वर पाठवला. कुठल्या कुठल्या टेबलांवरून फिरून तो परत आला, खाली शेरा: तपासणी निकषांनुसार योग्य. नोकरीत इतकी चांगली शाबासकी त्यांना कधी मिळाली नव्हती.

काकू आपली जुनी प्रमाणपत्रं परत घ्यायला आल्या तेव्हा सरांनी त्यांना कॉलेज ऑफिसच्या खिडकीपाशी गाठलं. बाजूच्या बाकावर बसवलं.

"तुमचं उत्तर बरोबर होतं," सर म्हणाले.

"शून्य मिळालंय, सर."

"रीत बरोबर होती. कॅटमध्ये बावन्न पानं असतात, बदामाची तेरा. तुम्हाला ठाऊक नव्हतं ते एवढंच, आणि ते काही संख्याशास्त्र नव्हे. मी प्रश्नात सांगायला हवं होतं."

"आमच्या घरात पत्ते कधी आलेच नाहीत. वडिलांना त्याचा नाद होता, म्हणून आई नावसुद्धा काढू द्यायची नाही." काकूंनी प्रमाणपत्रांची पिशवी मांडीवर सरळ केली. "पण बाकीच्यांना आलं ना? मला नाही आलं. सासूबाई म्हणतच होत्या, तुझ्या डोक्यात नाही ते. काल मी त्यांना म्हटलं, हो, तुमचं बरोबर होतं."

"असं नका म्हणू. चूक माझी आहे. मी तसं लिहूनही दिलंय."

काकू त्यांच्याकडे बघून हसल्या. त्या हसण्यात राग असता तर सरांना बरं वाटलं असतं, पण नुसती माया होती.

"दुसऱ्या कुणी नापास केलं असतं ना सर, तर मी भांडले असते. म्हटलं असतं, त्याला माझं तोंड आवडलं नाही, माझं वय आवडलं नाही. पण तुम्ही नाव न बघता शून्य दिलंत. म्हणजे ते माझंच आहे."

"अहो, ऐका माझं. तुम्हाला विषय येतो. चांगला येतो."

काकू उठल्या. जाता जाता त्यांनी वाकून सरांना नमस्कार केला.

"मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलू नका, सर," त्या म्हणाल्या. "तुम्हाला ते जमत नाही."