हँडल वळतं का बघायला

चिखलोलीतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी बाबांची जुनी मोटरसायकल दुरुस्त करत होतो. हँडलखालच्या बेअरिंगचे छर्रे गंजल्यामुळे ते वळवताना मध्येच अडकायचं. शेजारच्या इमारतीतल्या एक आजी रोज संध्याकाळी फिरायला निघायच्या आणि माझ्यासमोरच्या कठड्यावर बसून राहायच्या. पदराने चष्मा पुसायचा, मान वाकडी करायची आणि विचारायचं, "झालं का रे?" त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

उल्हासनगरहून आणलेले नवे छर्रे ग्रीस लावून बसवले, तेव्हा मी ऐटीत म्हणालो, "आजी, आता बघा कशी सरळ जाते!"

"सरळ काय, हातगाडीपण जाते. वळते का ते बघू," म्हणत त्या मागे बसल्यासुद्धा.

खांद्यावर टिचकी मारून त्या सांगू लागल्या, "डावीकडे घे. आता उजवीकडे." हँडल अलगद फिरत होतं आणि मी खुशीत वळत होतो. अंबरनाथ पूर्वेला एका फाटकापाशी त्यांनी मला थांबवलं.

"छान वळते," उतरत त्या म्हणाल्या. "बहिणीकडे यायचं होतं. रिक्षावाले मेले येतच नाहीत. तासाभराने न्यायला ये, परतीची वळणंपण बघायला हवीत ना!"