गुडघ्यापर्यंतची नजर

माणसाला बघायची त्याची एक रीत होती. आपण तोंडाकडे बघतो. तो पायांपासून सुरुवात करायचा. चपला, टाचा, पोटऱ्या असं करत नजर वर आणायचा आणि गुडघ्यांशी थांबायचा. मग कानामागची अर्धी विडी काढून म्हणायचा, "बास. ह्याच्या वर बघण्यासारखं काय न्हाई."

हे तो फॉरेस्टच्या साहेबाला म्हणाला आहे, रस्त्याच्या कंत्राटदाराला म्हणाला आहे, मतं मागायला आलेल्या उमेदवाराला म्हणाला आहे. मला आठवड्यातून दोनदा म्हणायचा, कारण आठवड्यातून दोनदा तो टपाल घेऊन शाळेत यायचा.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी त्याचं पुस्तक वाचलेलं असेल, निदान मोबाइलवर फिरणारे उतारे तरी. त्याचा फोटो कुणाकडे नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल वाटेल ते सांगितलं जातं. तो दारू पिऊन लिहायचा म्हणे. तो चहासुद्धा बिनसाखरेचा प्यायचा. तो मोठा बंडखोर होता म्हणे. तो गुंदच्या पोस्टातून टपालाची पिशवी घेऊन आमच्या वाडीपर्यंत चालत येणारा माणूस होता. पावसाळ्यात पायांना जळवा चिकटलेल्या असायच्या, त्या तो ओसरीवर बसून एकेक काढायचा आणि प्रत्येकीला एकेका पुढाऱ्याचं नाव द्यायचा. आणि तिसरं असं सांगतात, की पुस्तकातली एक गोष्ट त्याने भिऊन काढून टाकली. हे तिसरं खोटं माझ्यामुळे जगलं. मी ऐंशी ओलांडली आहे. आता ते मोडून टाकतो.

मी खानापूरकडचा. नोकरीने मला कर्नाटकात, जोयड्याच्या जंगलातल्या कन्नड शाळेवर आणून टाकलं आणि मी इथंच म्हातारा झालो. गावात बोलणं सगळं आपलंच, मराठीत कोकणी कालवलेलं. पण अक्षर म्हटलं की कन्नड, आणि तेही थोड्यांनाच. छापील मराठी वाचता येणारे गावात दोघेच. एक मी. दुसरा तो, कारण आईच्या माहेरी राहून तो सातवीपर्यंत मराठी शाळेत गेला होता. उलट, सरकारला कन्नडमध्ये अर्ज लिहून देणारा मी एकटा. कुणाला घराच्या वाशांना लाकूड हवं, कुणाच्या नाचणीच्या तुकड्यावर फॉरेस्टने हरकत घेतली, सगळ्यांचे अर्ज माझ्या हातचे. लोक मला देव मानत. इथली माणसं फार लवकर माणसाला देव करतात. त्यात देवाचंही भलं होत नाही.

पुस्तक त्याने वाया गेलेल्या मनीऑर्डर फॉर्मांच्या पाठीवर लिहिलं. बेळगावच्या एका छापखान्याने तीनशे प्रती काढल्या. सतरा गोष्टी होत्या. एका गोष्टीत गावाला कागदावर रस्ता मिळतो आणि तपासणीला आलेले साहेब तो कागद जमिनीवर अंथरून त्यावरून चालत जातात, चिखल लागू नये म्हणून मागून गावकरी कागद उचलून पुढे ठेवत राहतात. एकीत वाघाला रेशनकार्ड मिळतं आणि त्याच्या कुटुंबात कोण कोण, हे विचारायला कारकून गुहेत जातो. कारकून परत येत नाही. कार्डावर मात्र एक माणूस कमी झाल्याची नोंद होते, वाघाच्या नव्हे, कचेरीच्या.

पुस्तक एवढी वर्षं का टिकलं, यावर शहाणी माणसं आता भाषणं करतात. भाषा, वेदना, असलं काहीतरी सांगतात. मला विचाराल तर कारण साधं आणि लाजिरवाणं आहे. हे पुस्तक वाचताना प्रत्येकाला शेजारी दिसतो. ज्या कंत्राटदारावरून कागदाचा रस्ता लिहिला, त्याने दहा प्रती विकत घेऊन मुलीच्या लग्नात वाटल्या. "काय धुतलाय त्या दांडेलीच्या कंत्राटदाराला," म्हणून पोट धरून हसत होता. आमचा टपालवाला मंडपात अक्षता घेऊन उभा होता. त्याने कंत्राटदाराच्या पायांकडे बघितलं, गुडघ्यापर्यंत आला आणि अक्षता टाकल्या.

सतराव्या गोष्टीत मात्र मला शेजारी दिसला नाही.

त्या गोष्टीत एका बाईच्या नवऱ्याला वाघ मारतो. बाई गावच्या मास्तराकडे अर्ज लिहून घ्यायला येते. मास्तर तिला पाणी देतो, धीर देतो आणि लिहितो: माझ्या नवऱ्याने जंगलाच्या हद्दीत विनापरवाना रक्त सांडले, त्याबद्दल मी दिलगीर आहे. बाई अंगठा उठवते आणि मास्तराच्या पाया पडते. मास्तर मागच्या दाराने जाऊन फॉरेस्टच्या गार्डाला सांगतो, उद्या बाई येईल, तिचं सरपण आधीच जप्त करून ठेवा.

मी असंच करत होतो. रक्ताचा अर्ज सोडला तर सगळं तसंच. अर्ज लिहून द्यायचा आणि तो पोचायच्या आत गार्डाच्या कानावर घालायचं, कोण काय मागतोय, कुणी आधीच काय तोडलंय. बदल्यात माझ्या परसात जळाऊ लाकूड न मागता येऊन पडायचं. मी त्याला चहाडी म्हणत नव्हतो. दोन्ही बाजू सांभाळणं म्हणत होतो. टपालवाल्याला हे कसं कळलं, हे मी कधी विचारलं नाही. टपाल घेऊन सगळ्या गावाची परसं ओलांडून जाणाऱ्याला लाकडाचे ढीग दिसतात.

पुस्तक आलं तेव्हा पाऊस लागून राहिला होता, रानातलं काम बंद. दुपारी सगळे बुधवंताच्या ओसरीवर जमायचे. बुधवंत म्हणजे गावचा मुख्य. मांडावर, म्हणजे गावच्या देवाच्या जागी, त्याचा शब्द शेवटचा. आपल्या गावच्या माणसाचं पुस्तक म्हणून सगळ्यांना कौतुक. वाचणार मीच, कारण लेखक म्हणाला होता, "माझं मीच वाचलं तर हसू येत न्हाई." रोज दोन गोष्टी. लोक हसून हसून लोळायचे. नवव्या दिवशी शेवटची उरली. ती मी आधी घरी वाचलेली नव्हती.

अर्धं पान होईपर्यंत मला कळलं, की हा मी. समोर तीस माणसं बसलेली, त्यांतल्या विसांचे अर्ज मी लिहिलेले. तोंड वाचत राहिलं आणि डोक्याने काम केलं. जिथं मास्तर होता तिथं मी बुधवंत वाचला. बाई बुधवंताकडे येते. बुधवंत तिला धीर देतो. तोंडी सांगून अर्ज लिहवून घेतो. मागच्या दाराने गार्डाकडे जातो. एकदाही अडखळलो नाही. आयुष्यात इतकं सफाईदार मी पुन्हा वाचलेलं नाही.

हसू थांबलं. बुधवंत गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. सरळ, म्हाताऱ्या बैलासारखा माणूस. त्याने कुणाच्या काडीला हात लावला नव्हता. तो एवढंच म्हणाला, "वाचा मास्तर. पुरं करा."

मी पुरं केलं. वर बघतो तर पायरीवर तो उभा, पिशवीतून पाणी गळतंय. सगळं ऐकलेलं होतं. कुणीतरी त्याला विचारलं, "व्हय काय रे? असं लिवलंस तू?"

त्याने माझ्या पायांकडे बघितलं. गुडघ्यांशी आला, थांबला.

"मास्तर वाचतोय न्हवं," तो म्हणाला. "मास्तर शिकलेला हाय."

एवढंच. पुस्तक माझ्या हातातून ओढून घेतलं असतं तर त्याला स्वतःला वाचून दाखवता आलं असतं. त्याने पिशवी खांद्यावर टाकली आणि निघून गेला.

शिगम्याला, म्हणजे होळीच्या सणाला, आमच्याकडे प्रत्येक घरचा नारळ मांडावर ओळीने ठेवतात. ज्या घरचा नारळ ओळीत, ते घर गावात. त्या वर्षी तो नारळ घेऊन आला तेव्हा बुधवंताने हात पुढे केला नाही. कुणी आरडाओरडा केला नाही. ओळीतले नारळ थोडे थोडे सरकवले गेले आणि त्याच्या घराची जागा बुजली. मी तिथंच होतो. मास्तर म्हणून मला बसायला खुर्ची दिलेली होती.

ज्याचा नारळ नाही त्याच्या घरी कुणी जात नाही. छप्पर शाकारायला नाही, लग्नाला नाही, मयतालासुद्धा नाही. पुढच्या पावसाळ्यात त्याची आई गेली. गावातला एकही खांदा मिळाला नाही. बाजारकुणंगहून त्याचे दोन पाहुणे आले, तिसरा तो, आणि चौथ्या खांद्याला त्याची बायको. मी त्या दिवशी शाळेचं दप्तर तपासत बसलो होतो. तपासण्यासारखं त्यात काही नव्हतं.

त्यानंतर आठ दिवसांनी त्याची बायको शाळेत आली. तिला वाचता येत नव्हतं. पदराखाली पुस्तक आणलेलं होतं. तिने सतरावी गोष्ट काढून माझ्यापुढे धरली. कुठली ते कसं ओळखलं कोण जाणे, शेवटची म्हणून असेल.

"मास्तर, मी तुमास्नी भावासारकं मानते," ती म्हणाली. "तुमी वाचलासा तसंच लिवलंय न्हवं हितं? त्यो काय बोलत न्हाई. तुमी सांगा, म्हंजे मी त्याला शिव्या तरी घालीन."

मी पानावरून बोट फिरवलं, जसं काही पुन्हा तपासतोय. "तसंच आहे वहिनी," मी म्हटलं.

ओसरीवरचं खोटं भीतीने निघालं होतं, असं मी म्हणू शकतो. याला काही नाव नाही.

दोनेक वर्षांनी, अणशीच्या वाटेवर आम्ही दोघंच असताना, मी धीर करून त्याला विचारलं, की तू गप्प का बसलास. तो विडी पेटवत होता. "तुला हाकललं असतं त्येनी. मग ह्येंचे अर्ज कुणी लिवले असते? मी? मला कन्नड येतंय काय?" मग काडी विझवून म्हणाला, "चोर तर चोर. लिवता येणारा एकच चोर हाय गावात."

मी त्या दिवसापासून गार्डाकडे गेलो नाही. हे सांगून मला काही मिळवायचं नाही. मिळण्यासारखं काही शिल्लकही नाही.

पुढे पुस्तकाचं नाव झालं, दुसरी आवृत्ती निघाली, तीत सोळाच गोष्टी. पहिल्या आवृत्तीच्या गावातल्या प्रती वाळवीने खाल्ल्या. मग लोक म्हणायला लागले, बुधवंताला भिऊन गाळली. बुधवंत तोवर वारला होता, पण अशा अडचणी कोण बघतो? मी लेखकालाच विचारलं, का गाळलीस. तेव्हा तो रामनगरला मेव्हण्याकडे राहायला गेला होता, खोकत होता.

"मास्तर त्यात बसत न्हाई," तो म्हणाला. "बाकीचे वाईट हाईत, पण मोठे हाईत. मास्तराची गोष्ट वाचली की पुस्तकच बारीक दिसतंय."

तिथंच तो गेला. त्याची बायको त्याच्या आधी गेली होती, मला भाऊ मानत.

गेल्या वर्षी जोयड्यात त्याच्या पुस्तकावर कार्यक्रम झाला. त्यांनी मला बोलावलं, कारण मी म्हणे त्याचा पहिला वाचक आणि जवळचा मित्र. माझ्याकडे पहिल्या आवृत्तीची प्रत आहे. वाळवी लागू नये म्हणून मी ती पत्र्याच्या डब्यात ठेवत आलो. ती नेली. सतरावी गोष्ट जशी छापली आहे तशी वाचली. मास्तर तिथं मास्तर. मग सांगितलं, की हा मास्तर मी आहे, आणि त्या ओसरीवर मी काय केलं, तेही सांगितलं.

गोष्ट चालू असताना लोक खूप हसले. एकमेकांना कोपराने ढोसत होते. मागच्या रांगेत दोन निवृत्त मास्तर तिसऱ्याकडे बोट दाखवत होते. माझी कबुली संपल्यावर टाळ्या पडल्या. बेळगावहून आलेले प्राध्यापक म्हणाले, सरांनी अख्ख्या समाजाचा दोष स्वतःच्या शिरावर घेतला, यालाच लेखकाची परंपरा म्हणतात. मला शाल दिली. मी म्हटलं, परंपरा नव्हे हो, मी खरंच केलं ते. ते हसून म्हणाले, "तेच तर." त्यांच्या पायांत चकचकीत बूट होते. मी गुडघ्यापर्यंत बघितलं आणि थांबलो. पण ती नजर मला शोभत नाही.

एक गोष्ट त्या सभेत सांगितली नाही. ती इथं सांगतो.

मांडावरून त्याचा नारळ परत गेला त्या दुपारी मी शाळेकडे निघालो होतो. वाटेवरच्या दगडावर तो बसला होता, नारळ मांडीवर. मला बघून उठला. मला वाटलं, मारणार. त्याने नारळ दगडावर आपटून फोडला, पाणी जाऊ दिलं, कोयतीच्या टोकाने खोबऱ्याचा मोठा तुकडा काढला आणि माझ्यापुढे धरला.

"घे मास्तर. देवानं घेतला न्हाई, तू तरी घे."

नाही म्हणता येत नव्हतं. मी घेतला, तोंडात टाकला. तो समोर उभा राहून बघत होता. माझे पाय, पोटऱ्या, गुडघे. त्या दिवशी, त्या एकाच दिवशी, त्याची नजर गुडघ्यांशी थांबली नाही. वर वर येत माझ्या तोंडापर्यंत आली आणि तिथंच राहिली.

खोबरं गोड होतं. मी पुरतं चावून गिळेपर्यंत तो बघत होता.